झेलणाऱ्याच्या ओळी

धुळा, तुझी शोकसभा कुणी घ्यायची यावरून दोन जिल्ह्यांत भांडण लागलं, हे तू पाहिलं असतंस तर पोट धरून हसला असतास. सातारकर म्हणाले, जन्म खटाव तालुक्यातला, म्हणजे कवी आमचा. सांगलीकर म्हणाले, एसटीतली सगळी नोकरी आमच्या डेपोत केली, प्राणही आमच्याकडंच सोडला, म्हणजे कवी आमचा. हयातीत दोघांनीही तुला संमेलनात जेवणाआधीच्या सत्रात, शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. गेल्यावर मात्र तू दोघांच्या घरचा झालास. शेवटी वडूजच्या वाचनालयात एकच सभा घ्यायचं ठरलं आणि बॅनरवर दोन्ही मंडळांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत घालायचं काम माझ्या छापखान्यावर आलं. मी पट्टी लावून मोजून घातली.

तुझं उत्तर मला पाठ होतं. एका संमेलनात निवेदकानं गोड आवाजात विचारलं होतं, आपण नक्की सातारचे की सांगलीचे. तू म्हणालास, "मी येरळंचा. जिल्हं सायबांनी पाडल्यात, खोरं पावसानं पाडलंय." टाळ्या पडल्या. तू गोंधळून माझ्याकडं बघितलंस, कारण टाळीसाठी म्हणून तू ते म्हटलंच नव्हतंस. परतताना गाडीत मला समजावत बसलास. महाबळेश्वरला पाऊस नको नको म्हणेस्तोवर पडतो, मेढ्याला पोटभर पडतो, तिथनं पूर्वेला सरकावं तसा तो हात आखडता घेतो आणि आपल्या माळावर येईपर्यंत ढगाच्या खिशात काही उरत नाही. तुझ्या घराण्यानं मेंढरांमागं ही वाट पिढ्यानपिढ्या तुडवली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणाकडं, पावसाच्या तोंडावर परत माळाला. पाऊस कुठं संपतो ती रेघ तुझ्या तळपायाला माहीत होती, आणि तिच्यावर कुठला तहसीलदार बसतो याच्याशी तुला काही देणंघेणं नव्हतं. येरळा साताऱ्यात उगवते, सांगलीत जाऊन कृष्णेला मिळते. तिला कुणी विचारत नाही, बाई, तू नक्की कुठली म्हणून.

सभेत तुझ्या समग्र कवितांची घोषणा व्हायची होती. पहिला संग्रह जसाच्या तसा घ्यायचा, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सरांच्या गाजलेल्या प्रस्तावनेसकट, असं मंडळांचं ठरलं होतं. छापणार मीच. या 'जसाच्या तसा'नं मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. त्या संग्रहात तू लिहिलेलं निम्मंच आहे, हे तुझ्या घरच्यांखेरीज दोघांनाच ठाऊक होतं, तुला आणि मला. आता एकटी मी उरले होते.

पहिल्यांदा तू दुकानात आलास तेव्हा खाकी गणवेशात होतास, कंडक्टरची चामडी पिशवी गळ्यात. मला वाटलं सुट्टे मागायला आलास. वडील जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि मी एकटी बाई छापखाना चालवते म्हणून येणारा प्रत्येकजण मला छपाई शिकवून जात असे. तू काही शिकवलं नाहीस. पिशवीतनं दोनशेपानी वही काढलीस, फळीवर ठेवलीस आणि म्हणालास, "आक्का, ह्यातलं काय छापण्याजोगं हाय का बगा. नसंल तर वही तेवडी परत द्या, लय कागद कोरा हाय अजून." आपण जवळजवळ एका वयाचे, पण तू मला पहिल्या दिवसापासून आक्का केलंस आणि मी तुला अरे-तुरे. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

वही वाचून मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. यात्रेची हस्तपत्रकं तशीच पडून राहिली, पंच येऊन ओरडून गेले. असं मराठी मी कधी छापलं नव्हतं. त्यात माळ होता, ओढे होते, कुठल्या बांधाला कोणता चारा कवा येतो ते होतं, आणि सगळं गाण्याच्या चालीत. फक्त एक गोष्ट मला खटकली. प्रत्येक ओळ दोनदा होती. तू एक ओळ लिहायचास, खाली तीच पुन्हा, कधी एखादा शब्द इकडचा तिकडं. मी मनात म्हटलं, माणूस बोलीतला आहे, त्याला पुनरुक्ती कळत नाही. त्यात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे हातानं जुळवायचे दिवस. एक फर्मा म्हणजे सोळा पानं, आणि सगळं घेतलं असतं तर पुस्तक आठ फर्म्यांचं झालं असतं. मी पेन्सिल घेतली आणि दर दुसरी ओळ कापली. चार फर्म्यांत पुस्तक कसं नेटकं बसलं. माझा मलाच अभिमान वाटला.

तू प्रूफं वाचायला आलास तेव्हा 'हाय'चं 'आहे' केलेलं पाहून भांडलास. तास दीड तास भांडलास, आणि जिंकलास. कापलेल्या ओळींबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीस. मी विचारलं, बाकी ठीक आहे ना. तू म्हणालास, छापखान्याचं तुमालाच ठावं. धुळा, हाय-न्हाईसाठी तू माझ्या अंगावर आलास, मग त्या ओळींसाठी का नाही आलास? हे मी तुला कधीच विचारलं नाही. मला वाटतं, मी इतक्या सफाईनं कापलं होतं की छापील पुस्तकात असंच असतं, असं तुला वाटलं.

पुस्तक गाजलं. सरांनी प्रस्तावनेत लिहिलं की हा कवी शब्दांचा कंजूष आहे, एकही ओळ जादा नाही, ही आदिम जाणिवेची अल्पाक्षरी वाणी आहे. पुढं ज्यांनी ज्यांनी तुझ्यावर लिहिलं त्यांनी 'अल्पाक्षरी' हा शब्द घेतलाच. 'आदिम'वरून तू सरांना एकदा भर चहाच्या टपरीवर अडवलंस, की सर, आदिम कशाचं, ह्ये रोजचं हाय, आजबी माजा भाव सिदू मेंढरं घेऊन त्याच वाटनं गेलाय. अल्पाक्षरीवर काही बोलला नाहीस. नुसता माझ्याकडं बघून हसलास, आणि मी दुसरीकडं बघितलं.

आणि ती बाभळीची कविता. चार ओळींची. शाळांच्या फळ्यांवर गेली, निरोपसमारंभात म्हटली जाऊ लागली:

येरळंच्या काठाला एक बाभळ रं,
बाभळीच्या बुडाला पाणी हाय रं,
तहानल्या मेंढराला वाट ठावी रं,
मेंढरामागं माजी वाट हाय रं.

सगळे म्हणाले, काय हा आशावाद. दुष्काळी माळावरचा कवी आणि बाभळीच्या बुडाला पाणी बघतो.

त्यानंतर सातआठ वर्षांनी दिवाळी सरताना तुमचा वाडा, म्हणजे पाचसात कुटुंबांचा पालांचा तळ, शेजारच्या गावच्या रानात उतरला होता. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. तू डेपोतनं रजा काढून आला होतास आणि मला हौसेनं तिथं नेलंस. तुझ्या आईनं ताटात भाकरी वाढली, वर कालवण ओतलं, आणि म्हणाली की पोरानं लिवलेलं पुस्तक मला कुनी वाचून दावलं न्हाई अजून. तू वाचायला लागलास. बाभळीच्या कवितेची पहिली ओळ वाचून तू थांबलास, सवयीनं, आणि समोर बसलेल्या तुझ्या थोरल्या भावानं, सिदूनं, ओळ उचलली. तेव्हा मला कळलं तुमच्यात गाणं कसं होतं ते. एकजण ओळ सोडतो, दुसरा ती झेलतो. झेलल्याशिवाय पुढची ओळ सुटत नाही.

तू पुढं वाचलंस, "बाभळीच्या बुडाला पाणी हाय रं," आणि सिदूनं झेललं, "बाभळीच्या बुडाला पाणी व्हतं रं."

आईनं तुझ्या हातातलं पुस्तक घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी पानावरनं बोट फिरवलं. मला विचारलं, "ह्यात सिदूचं कुटं हाय?"

मी म्हटलं, ते नाही घेतलं.

"म्हंजी झेलणारा मेला का काय ह्यातला?" मग मला समजावून सांगायला लागली, अगदी शांतपणे, नव्या सुनेला चूल दाखवावी तसं. सोडणारा गेल्या सालाचं सांगतो. झेलणारा काल त्या वाटंनं आलेला असतो. पाणी असलं तर हाय म्हणतो, आटलं असलं तर व्हतं म्हणतो. "आवं बाई, नुसतं हाय म्हनून लिवलंसा. ह्ये ऐकून आमी तिकडं मेंढरं घातली आसती तर?"

आणि मी, धुळा, मी हसले. मी म्हटलं, मावशी, ते काव्य आहे, खरी विहीर थोडीच आहे. पाहुणीला उलट बोलायचं नाही म्हणून तुझ्या आईनं माझ्या ताटात आणखी कालवण ओतलं. सिदू उठून मेंढरांकडं गेला. तू मला बस स्टँडपर्यंत सोडलंस आणि वाटेत फक्त पावसाबद्दल बोललास.

पुढच्याच महिन्यात तू दुकानात येऊन म्हणालास, दुसऱ्या आवृत्तीत झेलाच्या ओळी घालूया. मी नाही म्हटलं. कारणं खूप दिली. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ओळ दोनदा लागत नाही, सरांची प्रस्तावना उघडी पडेल, तुझं नाव ज्या गोष्टीसाठी झालं तीच जाईल. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण मी दिलंच नाही. ती अल्पाक्षरी वाणी माझी होती. माझ्या पेन्सिलीची. लोक तुझी स्तुती करायचे आणि मी फळीमागं उभी राहून ती गुपचूप माझ्याकडं वळवून घ्यायचे. तू फार मागं लागलास तेव्हा मी म्हटलं, तुझी आई काही पुस्तक वाचणार नाही. हे वाक्य मला अजून ऐकू येतं. तू पिशवी उचललीस आणि गेलास.

दोन वर्षं आला नाहीस. मग एका दुपारी आलास, डेपोतल्या जुन्या हिशेबाच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या कविता घेऊन, जणू कालच गेला होतास. नवीन कविता लांब ओळींच्या होत्या. त्यात झेलायला जागाच नव्हती. त्या चांगल्या होत्या, मी मनापासून छापल्या, पण तू माझ्यासाठी म्हणून तसं लिहायला लागलास हे मला त्याच दिवशी कळलं. झेलाचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. मी तर नाहीच काढला. तुझी आई गेली तेव्हा मी भेटायला आले, बसले, चहा घेतला, उठले.

तरी तुझ्याकडून मी काय काय घेतलं ते सांगायला हवं. तुझ्याआधी मला वडूज म्हणजे बाजारपेठ आणि कचेरी एवढंच माहीत होतं. तुझ्यामुळं मी छापखान्यातनं काढते त्या कवितांच्या अंकासाठी लेखक निवडताना पत्त्यातला जिल्हा बघणं सोडलं. येरळेच्या दोन्ही काठांवरची माणसं एका अंकात आली, ऊसवाली आणि मेंढरंवाली, लष्करातनं परत आलेली, आणि पहिल्यांदा एकमेकांचं वाचू लागली. एका सुभेदारानं तुझी कविता वाचून तुला पत्र लिहिलं होतं की आमचं रान तुमच्या वाटेवर आहे, मेंढरं आमच्यात बसवा. हे साहित्याचं काम आहे असं कुठल्या समीक्षकानं लिहिलं नाही. मी त्याला तेच म्हणते.

गेल्या महिन्यात सांगलीच्या दवाखान्यात तुला भेटायला आले ते सांगायचं ठरवूनच. गाडीत वाक्य जुळवत आले. कॉटजवळ बसले आणि इथला चहा किती पांचट आहे यावर बोलत राहिले. तू विचारलंस, येरळंला पाणी हाय का. मी म्हटलं, आहे. नदी न बघताच म्हटलं. तू डोळे मिटलेस. तिथंच, तेवढ्यात, सांगता आलं असतं.

तर सभा. अध्यक्ष सर. आता चालायला काठी लागते, पण आवाज तसाच वर्गातला. तुझ्या अल्पाक्षरी वाणीवर वीस मिनिटं बोलले. मग मला बोलावलं, मुद्रक म्हणून दोन शब्द बोला आणि बाभळीची कविता म्हणा. माझ्या पिशवीत तुझी मूळ वही होती. पण माइकसमोर उभी राहिल्यावर सगळी जुळवणी विस्कटली. मी नुसती पहिली ओळ म्हटली आणि थांबले. तू थांबायचास तशी. कुणीतरी झेलेल म्हणून.

एक मोबाइल वाजून बंद झाला. मी थांबलेच. खरं सांगते, हट्टानं थांबले. तेव्हा सरांना वाटलं की वयामुळं मला पुढचं आठवेना. ते हळूच पुढं झुकले आणि सुचवल्यासारखी तीच ओळ मला पुन्हा म्हणून दाखवली, शुद्ध उच्चारात, "येरळेच्या काठाला एक बाभळ रे." धुळा, तुझी ओळ सरांनी झेलली. त्यांना पत्ताही नव्हता. मला हसू आणि रडू एकदम आलं, आणि त्या भरात मी दुसरी ओळ सोडली.

"बाभळीच्या बुडाला पाणी हाय रं."

दाराजवळनं आवाज आला. सिदू. मेढ्याकडं मेंढरं चुलतभावावर सोडून दोन एसट्या बदलून आला होता, खुर्ची असून भिंतीला टेकून उभा होता. कानावर हात ठेवून त्यानं उंच सुरात झेललं, "पाणी आलं पाइपाचं, बाभळ न्हाई रं."

सगळे मान वळवून बघायला लागले. त्यातले निम्मे त्याच वाटेनं गाडीतनं आले होते. सिंचन योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा झाल्यात, काठची बाभळ तुटली, मेंढरांना उतरायला जागा राहिली नाही, हे प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी तोंडानं तीच जुनी कविता म्हणायला बसले होते. पुढच्या दोन ओळी मी सोडल्या, सिदूनं झेलल्या. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फुटला, तेव्हा मागच्या दोनचार म्हाताऱ्या माणसांनी ती उचलून धरली.

मग मी वही काढली आणि माइकवरच सांगितलं. दर दुसरी ओळ मी कापली. वहीत 'व्हतं' आहे, पुस्तकात नाही. कवीला आशा होती असं तुम्ही समजलात, त्यानं पाणी आटल्याचं सांगितलं होतं. त्याच्या आईनं मला हे समजावलं आणि मी तिला हसले. एवढं बोलायला मला वीस मिनिटं लागली नाहीत.

सरांनी विचारलं, "मग माझ्या प्रस्तावनेचं काय?"

मी म्हटलं, सर, ती माझ्या पेन्सिलीची प्रस्तावना आहे, तिच्यासाठी मी तुमची आभारी आहे. ते काठी टेकत बाहेर गेले, आणि दोन्ही मंडळांनी समग्र कवितांचा विचार पुढच्या बैठकीवर ढकलला. करू देत विचार. पहिला संग्रह मी माझ्या खर्चानं छापते आहे, आठच्या आठ फर्मे.

सिदू दुसऱ्या दिवशी निघण्याआधी दुकानात आला. मी त्याला संगणकावर पान दाखवलं. आधी तुझी ओळ, तिच्याखाली वहीतला झेल, त्याखाली सिदूचा सभेतला झेल त्याच्या नावानं, आणि त्याखाली एक ओळ कोरी. त्यानं विचारलं, ही कोरी कशापायी. मी म्हटलं, पुढं जो त्या वाटेनं येईल त्याच्यासाठी. तो म्हणाला, "धुळाला दावायला पायजे व्हतं." एवढंच. मग मेढ्याची गाडी गाठायला गेला.

आईला दाखवायला हवं होतं, तुला दाखवायला हवं होतं. दोघंही नाहीत. म्हणून अर्पणपत्रिकेच्या जागी मी तीन ओळी जुळवल्यात, खाली माझं पूर्ण नाव घातलंय: या पुस्तकातल्या निम्म्या ओळी मी कापल्या होत्या. त्या कुणाच्या आहेत हे मला सांगितलं गेलं होतं. मी ऐकलं नाही.

चुकले रे मी, धुळा. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, ते आता छापून सांगते.